मऊ टेकडी

सावरटोल्यात त्या वर्षी बायकांनी पहिल्यांदाच पांढरे कपडे अंगणात वाळत घातले.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठंसं वाटणार? पण सावरटोल्यात पांढरा रंग म्हणजे घटकाभराचा पाहुणा. गावाच्या उगवतीला वीज केंद्राचा राखेचा तलाव आहे. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून पाइपाने तिथे आणून सोडतात. पाणी उडून जातं आणि मागे पिठाहून बारीक राख उरते. वारा सुटला की ती उठते आणि सरळ गावात येते. पापडांवर, वरणात, देवाच्या तसबिरींवर, झोपलेल्या लेकरांच्या पापण्यांवर. लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, एकदा तर साहेबांच्या टेबलावर राखेची परात उपडी केली. साहेब बदलले, राख बदलली नाही.

ती बसवली हर्षदाने. हर्षदा गावचीच पोरगी, डोमाजी नेवारे गायक्याची. गायकी म्हणजे गावाची ढोरं राखणारा. त्याच्या लेकीने रसायनशास्त्राची पदवी घेतली, तेव्हा गावाला कौतुक वाटलं आणि थोडी गंमतही. तिचा नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात होता, सुट्टीला यायचा. ती मात्र लेकीला घेऊन माहेरीच राहत होती, कारण तिची नोकरी राखतलावावर होती. धूळ रोखणाऱ्या कंपनीची फवारणी तिच्याकडे होती. स्वभाव असा की एका जागी बूड टेकणार नाही. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, फोनवर बोलताना अंगणात येरझारा. आई जिवंत असती तर म्हणाली असती, हिच्या पायाला भिंगरी आहे.

पण या कामात तिचा जीव अडकला होता तो पिहूमुळे. पिहू, तिची सात वर्षांची पोर, दम्याची. राख उठली की तिच्या छातीतून शिटी वाजायला लागायची. मग नेब्युलायझर लावायचा. घरात त्याला नुसतं 'मशीन' म्हणत. मशीन घरघरतंय, पोर तोंडाला मास्क लावून भिंतीला टेकून बसलीय आणि आई दारात उभी राहून राखेला शिव्या घालतेय, असा त्या घराचा हिवाळा असे.

'धूळबंध' आला आणि हे सगळं थांबलं.

धूळबंध म्हणजे काही जादू नव्हे. खाणींत, कच्च्या रस्त्यांवर पॉलिमर फवारून धूळ बसवण्याची युक्ती जुनीच आहे. पॉलिमर म्हणजे एकच कडी हजारो वेळा जोडून झालेली लांबलचक साखळी. पाण्यात कालवून ती जमिनीवर मारायची. पाणी उडून जातं, साखळ्या मागे राहतात आणि सुकता सुकता आजूबाजूच्या कणांना आवळून धरतात. सुटा कण वारा सहज उचलतो. एकमेकांत गुंतलेले कण त्याला उचलत नाहीत. पण जुन्या पॉलिमरचा पापुद्रा कडक असे. कुत्रं चाललं तरी तडकायचा, आणि एका तड्यातून वारा आत शिरला की सगळा पापुद्रा उपटून न्यायचा.

धूळबंधाच्या साखळ्यांमधले दुवे मुद्दामच सुटणारे आणि पुन्हा जुळणारे ठेवले होते. तडा गेला की दुवे सुटत. पहाटे दव पडलं की तेवढ्या ओलाव्यावर साखळ्या सरकत, एकमेकींना शोधत आणि पुन्हा जुळत. सकाळी पाहावं तर तडा कुठे होता ते सांगता यायचं नाही. दुधावर साय धरावी तशी राखेवर ही साय धरली होती. चिवट, लवचिक आणि स्वतःची जखम स्वतःच भरून काढणारी. तिला फक्त आंबट पाणी चालत नसे. आम्लात ते दुवे सुटत. म्हणूनच फवाऱ्याची तोंडं तुंबू नयेत यासाठी काम संपल्यावर ती लिंबूफुलाच्या पाण्याने धुवावी लागत. कामगारांनी त्या पाण्याचं नाव ठेवलं होतं 'सोडवण'.

उन्हाळ्याच्या तोंडावर ड्रोननी सगळा तलाव फवारला. एप्रिलमधली वावटळ आली, तलावावरून गेली आणि रिकाम्या हाताने गावात शिरली. लोक अंगणात उभे राहून बघत होते. मशीन कपाटावर गेलं. कुणी हर्षदाला लुगडं दिलं, कुणी कोंबडी. तिने सगळ्यांचं हसून घेतलं आणि उभ्याउभ्याच चहा प्यायली.

पावसाळ्यात मात्र डोमाजीच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

आधी डाखरे पाटलांची भुरी म्हैस गेली. गेली म्हणजे अक्षरशः गेली. संध्याकाळी कळप गावात आला, त्यात भुरी नव्हती. नाला पाहिला, जंगल पाहिलं, शेजारच्या गावांचे कोंडवाडे पाहिले. ना म्हैस, ना हाडूक, ना वाघाचा माग. पोळ्यानंतर एक गोऱ्हा असाच गेला. चिखल झालेल्या दिवसांत जनावराच्या खुराचा ठसासुद्धा कुठे सापडू नये, याला एकच अर्थ असतो असं गावाने ठरवलं. गाडी आणून कुणीतरी भरून नेलं. आणि गायक्याला माहीत नसताना गाडी येते कशी?

डाखरे पाटील गावचे सरपंच. तोंडावर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांची ढोरं डोमाजीकडे आली नाहीत. मग कुणाचीच आली नाहीत. डोमाजी सकाळी उठून काठी घेऊन नेहमीसारखा चौकात उभा राहिला, ऊन वर येईपर्यंत उभा राहिला आणि घरी परत आला. तेव्हापासून तो ओसरीवर बसून असे. काठी मांडीवर आडवी. हर्षदाने दोनदा समजावलं, की बाबा, तुमचं वय झालंच होतं, आता आराम करा. तो म्हणाला, "आराम चोराले नसते भेटत, बाई."

दिवाळी तोंडावर आली आणि एका दुपारी पाटील स्वतः घरी आले. ओसरीच्या पायरीवर बसले, पाणी प्यायले.

"डोमा, औंदा गायगोधन जुन्या आखरावर करावं म्हणतो," ते म्हणाले.

डोमाजीची काठी मांडीवरून घसरली.

गायगोधन म्हणजे पाडव्याच्या दिवसाचा गोवाऱ्यांचा, ढोरं राखणाऱ्या जमातीचा मान. ढोरं धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसांची ढाल नाचवत, डफली वाजवत गायकी सगळा कळप आखरावर नेतो. तिथे शेणाचं गोधन रचलेलं असतं. त्यावरून कळप धावत न्यायचा, मग ते शेण कपाळाला लावायचं. आखर म्हणजे ढोरं गोळा होण्याचं गावाबाहेरचं मैदान. सावरटोल्याचं आखर हर्षदाच्या लहानपणीच राखेच्या तलावात गेलं. तेव्हापासून गोधन व्हायचं डांबरी रस्त्यावर, बस थांब्यापाशी, हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकांना हात दाखवत. डोमाजीला दरवर्षी त्याची लाज वाटायची.

"राख आता बसली. चांगलं सपाट झालं, सिमेंटवानी," पाटील म्हणाले. "अन् दुसरी गोष्ट. गोधन गायक्याच्याच हातानं होते, ते तं बदलत नाई. तू गोधनावर हात ठेव अन् गावासमोर सांग, का ढोरं म्या इकली नाई. तू तेवढं म्हटलं का माझी ढोरं दुसऱ्या दिवशी तुह्याकडे. गावाचीही."

डोमाजीने नुसती मान हलवली. पाटील गेल्यावर तो आत गेला आणि ट्रंकेतून बापाची ढाल काढून तिची मोरपिसं एकेक करून पुसत बसला. हर्षदाने बापाला इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता ही गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं. पण त्याच संध्याकाळी पिहू खेळून आली, हातपाय धुता धुता म्हणाली, "आई, आज आमी मऊ टेकडीवर गेलो."

"कोणती टेकडी?"

"आखरावर आहे नं. गोल गोल. तिच्यावर उडी मारली का हलते. गादीवानी."

हर्षदा पोळी लाटत होती. लाटणं तसंच हातात राहिलं. तिने आवाज चढू न देता विचारलं, आणखी कोण कोण होतं, केव्हापासून जाता. मग म्हणाली, "उद्यापासून तिकडं पाय नाही टाकायचा. टाकला तर तंगडं मोडून ठेवीन." पिहू रडायला लागली. हर्षदाला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

सकाळी ती तलावावर गेली ती सोडवणीचा कॅन आणि एक लांब बांबू घेऊन. तिथे खरंच टेकडी होती. राखाडी, गुळगुळीत, कमरेएवढी उंच. ड्रोनच्या नकाशात तलावावर असे दोन फुगवटे गेले कित्येक दिवस दिसत होते आणि 'अडकलेली हवा' म्हणून सोडून दिले होते. टेकडीवर जाण्याचा तिला धीर झाला नाही. काठावरच ती उकिडवी बसली आणि सोडवण ओतली. साय पातळ झाली, विरघळली, परातीएवढी जागा मोकळी झाली. तिने बांबू टेकवला. बांबू नुसत्या हाताच्या वजनाने आत गेला, आणि जातच राहिला.

ऑक्टोबर सरत आलेला. या दिवसांत इथली राख दरवर्षी उडायला लागलेली असते. गावातल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं, की जिथे राख उडते तिथे वाळलेलं, तिथून खुशाल जावं. जिथे उडत नाही तिथे ओल, तिथे पाय टाकू नये. आता कुठेच उडत नव्हती, आणि गावाने त्यातून एवढंच काढलं, की सगळीकडे जाता येतं. दुसऱ्याला कशाला नावं ठेवा, रसायनशास्त्र शिकलेल्या हर्षदानेही तेच काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिने केलेलं भोक नव्हतं. राख मुळातच चुनखडी गुणाची. तिने आम्ल पिऊन टाकलं, वरून दव पडलं आणि साय पुन्हा जुळली. बांबूचा वरचा एक वीतभर तुकडा सायीतून बाहेर उभा होता, नाहीतर जागाही सापडली नसती. बांबू तिथे रुतला होता आणि त्याच्याभोवती एकही चीर नव्हती. हर्षदा त्या तुकड्याकडे बघत राहिली. भुरी कुठे आहे ते तिला कळलं होतं.

तिथून ती तडक साइट ऑफिसात गेली. पराग सिन्नरकर हे तिथले प्रमुख. नाशिककडचे, शांत माणूस, कामगारांच्या मुलांच्या वाढदिवसाला चॉकलेट पाठवणारे.

"बसून बोल, हर्षदा."

"उभीच बरी आहे, सर. आपण धूळ थांबवली, आणि तिच्याबरोबर वाफही थांबवली. जे पाणी उन्हाळ्यापासून उडून जायला हवं होतं ते आत कोंडलंय. वर साय आहे, खाली खीर. दोन जनावरं आत गेलीत आणि साय पुन्हा धरलीय. ते फुगवटे हवेचे नाहीत, म्हणजे हवेचेच आहेत, पण आत कुजणाऱ्या जनावरांच्या."

सिन्नरकरांनी चष्मा काढून ठेवला. "आपला माणूस मागच्या महिन्यात त्यावरून चालत गेला. काही झालं नाही."

"एका माणसाने काही होत नाही. ओली राख हादरली की पातळ होते. पाडव्याला तिथे कळप धावणार आहे, सर. सगळ्या गावाचा. मागोमाग माणसं."

सिन्नरकर वाईट असते तर सोपं झालं असतं. पण ते घाबरले होते. दिवाळीनंतर वीज मंडळाचे लोक पाहणीला येणार होते, आणखी केंद्रांना धूळबंध द्यायचं ठरत होतं. "हे तू आत्ता बोललीस तर फवारणी त्याच दिवशी बंद होईल," ते म्हणाले. "सगळी साय काढा म्हणतील. मग हिवाळ्यात तुझ्या पिहूचं काय? मी धमकी देत नाहीये गं. मलाही काळजी आहे. मी तिथे दोरी बांधतो, प्रवेश निषिद्धचा बोर्ड लावतो. सुट्टीवरून आलो की नीट तपासू."

"सर, ढोरांना वाचता येत नाही."

बोर्ड लागला. गावाने त्याच्याच खांबाला झेंडूची माळ बांधून गोधनाची जागा मुक्रर केली.

पाटलांच्या घरी ती गेली तेव्हा पाटील हसले. "बापाले वाचवाची चांगली गोष्ट काढली, बाई. म्हैस राखेनं गिळली! अन् गिळून तोंडबी पुसून घेतलं!" मग हसू आवरून म्हणाले, "माह्याच नातवाले तिथं खेळताना पाह्यलं म्या. पोट्टे नाचतात तिथं. डोमाले म्हणा, शपथेचं भेव वाटत असन तं तसं सांग."

राहिला बाप. तिने तलावावरून डब्यात भरून आणलेली ओली राख परातीत ओतली, थापली, वर खलातला बत्ता उभा ठेवला. बत्ता ठाम उभा राहिला. मग तिने परातीच्या कडेवर बोटांनी टकटक करायला सुरुवात केली, खूर वाजावेत तशी. राखेला पाणी सुटलं, ती चकाकली, आणि बत्ता हळूच कलून आत बसला. पिहूने टाळ्या वाजवल्या. डोमाजीने वाजवल्या नाहीत.

"हे परातीतलं आहे," तो म्हणाला.

"बाबा, तिथंही तेच आहे. भुरी तिथंच आहे."

"मंग मी चोर नाई, हे तुले माईत आहे."

"मले तं पहिलेपासूनच माईत होतं."

"गावाले नाई नं माईत." त्याने परात बाजूला सारली. "पाडव्याले मी आखरावर नाई गेलो, तं मरेपर्यंत चोरच राहीन. तू शिकली-सवरली, तुही परात खरी असन. पण माहा एकच दिवस राह्यला आहे, पोरी. तो नको खाऊ."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी हर्षदा अंगणात उभी होती. पिहू शेजारच्या पोरांबरोबर पळत होती. कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी एक गोष्ट हर्षदाला दिसली. पिहू तोंड मिटून पळत होती. गेल्या दिवाळीत ही पोर दहा पावलं टाकली की मासळीसारखं तोंड उघडायची. हर्षदाला वाटलं, आपण चुकत असू. देवा, एकदा मला चुकीचं ठरव. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. साय उघडून दाखवली तर बापाचा दिवस जाणार, नोकरी जाणार आणि राख परत येणार. ती राख सगळ्यात आधी कुणाच्या छातीत बसेल हेही तिला ठाऊक होतं. नाही दाखवली तर उद्या ढाल घेऊन सगळ्यात पुढे तिचाच बाप असणार होता, आणि कळपाच्या शेपटाशी नाचणाऱ्या पोरांत पिहू. यात निवडण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच तिला सारखं रडू येत होतं.

पाडव्याच्या सकाळी डफली वाजायला लागली तेव्हा हर्षदा तलावाच्या बांधावर टँकर चालवत होती. गोदामात लिंबूफुलाच्या जेवढ्या गोण्या होत्या तेवढ्या तिने टाकीत रिकाम्या केल्या होत्या. ऑपरेटर सुट्टीवर, चाव्या तिच्याकडे. आखराच्या काठाला टँकर लावला, पंप सुरू केला आणि फवाऱ्याची तोफ मऊ टेकडीवर धरली.

राख आम्ल पीत होती. साय पातळ व्हायची आणि डोळ्यांदेखत पुन्हा आळायला लागायची. हर्षदा तोफ हलू न देता एकाच जागी मारत राहिली. टाकीचा काटा खाली येत होता आणि डफली जवळ येत होती.

मग कळप दिसला. रंगवलेली शिंगं, गळ्यात झेंडू, पुढे मोरपिसांची ढाल आणि ढालीखाली पांढऱ्या स्वच्छ धोतरात डोमाजी. असा ताठ बाप तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. गाण्याची ओळ अर्धी म्हणून झाली आणि त्याने लेकीला पाहिलं. ढाल थांबली. मागचं सगळं गाव थांबलं.

"अवो, गोधनावर कायचं पाणी मारून राह्यली ही?" मागून कुणी ओरडलं. खरंच, काठावर रचलेलं शेणाचं गोधन त्या पाण्याने वाहून चाललं होतं. पाटील पुढे आले. "कंपनीची झाली म्हणून देवाचंबी नाई ठेवलं का? ये, बंद कर ते!"

डोमाजी नुसता तिच्याकडे बघत होता. हर्षदाने तोफ सोडली नाही. दोन पोरं टँकरवर चढली. कुणीतरी पंपाची कळ खाली ओढली. तोफ थुंकल्यासारखी होऊन थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "थोडं थांबा. फक्त थोडं."

"माहा दिवस होता, हर्षे," डोमाजी म्हणाला. एवढंच.

तेवढ्यात तलावातून आवाज आला. मोठा नाही. भात शिजताना झाकण हलावं तसा. टेकडीवरची साय मधोमध फाटली आणि असा वास सुटला की पुढच्या गाईंनी माना वर करून पाय रोवले. टेकडी खचली. तिच्या जागी राखेचा चिखल डचमळला, आणि त्यातून आधी एक शिंग वर आलं, मागे वळलेलं, मग फुगलेली पाठ, मग गळ्यातली पितळी घंटा. घंटा वाजली नाही, तिच्यात राख भरली होती. पण गावात तशी घंटा एकाच म्हशीची होती.

डफली केव्हाच थांबली होती. पोरांच्या आया पुढे धावल्या आणि ज्याला त्याला बखोटीला धरून मागे ओढू लागल्या. टेकडीवर कोण कोण नाचलं होतं ते आता प्रत्येक घराला आठवत होतं. पाटलांनी नातवाला पोटाशी धरलं. त्यांचा चेहरा त्या राखेसारखाच झाला होता.

डोमाजीने ढाल जमिनीवर टेकवली. काठापर्यंत गेला, पुढे पाऊल न टाकता उभा राहिला, आणि संध्याकाळी मागे राहिलेल्या जनावराला हाक मारतात तशी हाक मारली. "भुरी… ये, ये, ये… ये माय." त्याची दोनदा हाक मारून झाली आणि मग त्याला हुंदका आवरला नाही. चोरीचा डाग गेला म्हणून नव्हे. रोज सोबत चरायला येणारी म्हैस आपण तिथे टाकून घरी आलो, म्हणून.

बऱ्याच वेळाने पाटील म्हणाले, "डोमा, गोधन इथं नको. रोडवरच करू." शपथेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. कळप फिरला. डांबरी रस्त्यावर, बस थांब्यापाशी, ट्रकांना हात दाखवत गोधन झालं आणि डोमाजीने पहिलं शेण स्वतःच्या कपाळाला न लावता लेकीच्या कपाळाला लावलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. समिती आली, दुसऱ्या फुगवट्यातून गोऱ्हा निघाला, फवारणी बंद झाली. सगळी साय काढून तलाव वाळू द्यावा असा आदेश निघाला, आणि ते काम हर्षदाकडूनच करून घेतलं, कारण ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. त्यानंतर तिला कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं. काम गुंडाळून जाताना सिन्नरकरांनी पिहूसाठी चॉकलेट ठेवलं. तोंड दाखवलं नाही.

डिसेंबरात वारा सुटला आणि राख उठली. पांढरे कपडे घरात गेले. गाव हर्षदाशी नीट बोलत होतं, पण पहिल्यासारखं नाही. लेकरं वाचली हे सगळ्यांना मान्य होतं, आणि पापडांवर राख बसली की तिचंच नाव निघत होतं. "तुह्या बापाचं नाव राह्यलं, अन् आमचं धुणं गेलं," एक बाई तिला तोंडावर म्हणाली, आणि मग स्वतःच ओशाळली. हर्षदाला राग आला नाही. तिलाही रोज तसंच काहीतरी वाटत होतं. ती नवीन काहीतरी जुळवत होती. धूळ धरेल पण वाफ सोडेल अशी जाळीदार साय. कागदावर जमत होतं, परातीत जमत नव्हतं. ती उठायची, फिरायची, पुन्हा परातीपाशी यायची.

कपाटावरचं मशीन खाली आलं होतं.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. पिहू खिडकीत बसली होती, छातीत शिटी सुरू झालेली. हर्षदा औषधाची कुपी मोडत होती. बाहेर डोमाजी कळप घेऊन निघाला, सगळ्या गावाचा कळप, पुढे पाटलांची ढोरं. नाल्यावरचा पूल दुरुस्तीला काढला होता, म्हणून आज तलावाच्या कडेने जायचं होतं. तो थबकला, डोळ्यांवर हात धरून तलावाकडे बघू लागला. म्हाताऱ्याला आता लांबचं दिसत नसे.

पिहूने खिडकीचे गज धरले आणि जेवढा श्वास होता तेवढा गोळा करून ओरडली, "आबाजी! त्या बाभळीकडून न्या! तिकडं उडून राह्यली राख!"

डोमाजीने काठी वर करून ऐकल्याची खूण केली आणि कळप बाभळीकडे वळवला. पिहूला खोकल्याची उबळ आली. हर्षदाने तिला मांडीवर घेतलं, तोंडावर मास्क धरला आणि मशीन सुरू केलं. मग ते थांबेपर्यंत ती एका जागी बसून राहिली.